कॉलेजच्या वाटेवर चित्रगोष्ट: पहिला खेळ कसा उभा करायचा

लेक्चर सुटलं की कॉलेजात कुणी थांबत नाही. कॅन्टीन, लायब्ररी, पार्किंग, कानात इअरफोन आणि डोळे मोबाइलमध्ये. या वाटेवर हातानं काढलेली दहा चित्रं घेऊन उभं राहायचं आणि जाणाऱ्याला गोष्ट सांगायची. मी विद्यार्थिनी असताना हे सुरू केलं, आता दरवर्षी नव्या मुलामुलींना शिकवते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. चित्रकला यायलाच हवी असं नाही. दोन आठवडे रोज तासभर हवा आणि सोबतीला दोन माणसं हवीत.

हा खेळ आपल्याकडे नवा नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी आजपर्यंत जिवंत ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सुटी चित्रं एका गठ्ठ्यात असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सूत्रधार जमिनीवर बसतो, एकेक चित्र समोर उभं धरतो आणि वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं तालवाद्य यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतो. जपानात साधारण 1930 च्या सुमाराला सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरणारे कामिशिबाईवाले, म्हणजे कागदी चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे, होते. कोपऱ्यावर आले की ते दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटायचे, पोरं धावत यायची, आधी गोळ्या-मिठाई विकली जायची आणि मग गोष्ट. बंगालचे पटुआ आणि राजस्थानचे भोपे आजही चित्रांच्या लांब पटावर बोट ठेवून गातात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या पोस्टरवर ‘चित्रकथी’ असं लिहू नका. तो एका समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा वारसा आहे, त्याची रेघ आणि त्याचं गाणं त्यांचं आहे. आपण त्यांच्याकडून शिकतो. पिंगुळीला जाणं जमलं तर जरूर जा, गंगावणे कुटुंबानं तिथं संग्रहालय उभं केलं आहे. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी चित्रकथी चित्रं बघायला मिळतील. आपल्या खेळाला ‘चित्रगोष्ट’ म्हणा आणि कुणी विचारलं तर ही पद्धत कुठून आली ते आदरानं सांगा.

गोष्ट निवडताना

वाटेवरची गोष्ट सात मिनिटांची असावी. दोन तासांमधली सुट्टी दहा मिनिटांची, त्यातली तीन जमायला आणि पांगायला जातात. दहा चित्रं घेतली तर प्रत्येक चित्राला सरासरी चाळीस सेकंद मिळतात. नवी मुलं हमखास मोठा विषय घेऊन येतात: पर्यावरण, बेरोजगारी, स्त्रीभ्रूणहत्या. हे विषय महत्त्वाचे आहेतच, पण वाटेवरचा माणूस विषयासाठी थांबत नाही. ‘पुढं काय झालं’ हे कळायला हवं म्हणून तो थांबतो. म्हणून एक वस्तू घ्या आणि तिला प्रवासाला पाठवा. वस्तू चित्रात पटकन ओळखू येते, आणि प्रवास असला की मधेच आलेल्यालाही धागा सापडतो.

आमची सगळ्यात जास्त वेळा केलेली गोष्ट आहे ‘डबा’. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलांना घरचा डबा एसटीनं येतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या गोष्टीत सुमीची आई पहाटे भाकरी थापते, डबा फडक्यात बांधते आणि फाट्यावर कंडक्टरच्या हाती देते. त्या दिवशी सुमीची परीक्षा लांबते, ती स्टँडवर पोचत नाही. गाडी पुढं जाते, डबा आत राहतो. मग तो स्टँडमागून स्टँड फिरतो. शेवटच्या स्टँडवर भुकेला बसलेला एक म्हातारा तो उघडून जेवतो. रात्रीच्या परतीच्या गाडीनं डबा सुमीकडे येतो. तो रिकामा असेल असं तिला वाटतं. उघडते तर आत दुसऱ्याच घरच्या भाकऱ्या असतात.

या गोष्टीत एक पालुपद आहे. सांगणारा विचारतो, ‘डबा कुठं गेला?’ आणि सोबती म्हणतात, ‘पुढच्या स्टँडला!’ तिसऱ्या वेळेपर्यंत समोरचे म्हणू लागतात. पालुपद फक्त मजेसाठी नसतं. चौथ्या चित्राला येऊन उभा राहिलेला मुलगा ते ऐकतो आणि एका वाक्यात त्याला गोष्टीचा पत्ता लागतो: एक डबा आहे, तो हरवलाय, तो पुढं पुढं चाललाय. मागचं सगळं त्याला समजावत बसावं लागत नाही.

अशी गोष्ट तुमच्या आवारातही असते. वॉचमनकाकांकडे जमा झालेल्या छत्र्या, बंद पडलेलं मोठं घड्याळ, विहिरीवरचा रहाट. पहिल्यांदा तीच घ्या. मात्र कुणा खऱ्या माणसाची फजिती दाखवू नका. तो माणूस उद्याही त्याच वाटेनं येणार असतो.

दहा चित्रांत कापणी

आता कागदावर दहा चौकोन काढा आणि प्रत्येकात एक वाक्य लिहा. त्यापुढं मुख्य काम म्हणजे कुठं पान बदलायचं हे ठरवणं. या कलेचा सगळा जीव पान बदलण्याच्या क्षणात आहे, असं मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटतं. चित्रं सुंदर असली आणि पान चुकीच्या जागी बदललं, तर लोक निघून जातात. चित्रं साधी असली आणि पान बरोबर जागी थांबलं, तर बस चुकली तरी लोक हलत नाहीत.

‘डबा’चंच बघा. आमच्या पहिल्या मांडणीत नवव्या चित्रात सुमी उघडा डबा हातात घेऊन हसत होती आणि आत भाकऱ्या दिसत होत्या. मी सांगत होते, ‘सुमीनं घाबरत घाबरत झाकण उघडलं…’ पण लोकांना भाकऱ्या आधीच दिसल्या होत्या. माझ्या बोलण्यात त्यांना काही नवं मिळतच नव्हतं. मग आम्ही ते चित्र फाडून दोन केली. नववं: बंद डबा, झाकणावर सुमीची बोटं, चित्रात दुसरं काही नाही. दहावं: वरून दिसणारा उघडा डबा. आता नवव्या चित्राला मी म्हणते, ‘डबा हलका लागला तिला. की जड?’ आणि थांबते. तीन सेकंद. सोबत्याच्या चिपळ्याही थांबतात. मागे उभा असलेला कुणीतरी पुढं सरकतो. मग पान सरकतं.

तेव्हा दहाही चौकोनांच्या मधल्या नऊ फटींकडे बघा आणि प्रत्येकीला विचारा: इथं ऐकणाऱ्याच्या मनात काय प्रश्न असेल? प्रश्न नसेल तर दोन चित्रं एक करा. नऊपैकी चार-पाच फटींत खरा प्रश्न असला तरी पुष्कळ झालं. चित्रात सगळं दाखवायचं नाही आणि बोलण्यात चित्रातलं परत सांगायचं नाही. ‘इथं बघा, एक लाल बस आहे’ हे वाक्य कधीही नको. बस दिसतेच आहे. तुम्ही सांगा की कंडक्टरला आज घरी लवकर जायचं होतं.

सामान

स्टेशनरीच्या दुकानात कार्ट्रिज पेपर मागा. पूर्ण शीट 22 बाय 30 इंचांचा असतो, अर्धा केला की 15 बाय 22 होतो. वीस-पंचवीस माणसांसाठी हा आकार पुरतो. दहा चित्रांसाठी दहा शीट आणा, कारण प्रत्येक चित्राच्या मागेही कागद चिकटवायचा आहे. मधे एक मिलिमीटरचा पातळ पुठ्ठा. दोन मिलिमीटरचा घेतला तर दहा पानांचा गठ्ठा अडीच किलोच्या वर जातो आणि सहाव्या पानाला मनगट दुखू लागतं.

पुठ्ठ्याला एकाच बाजूनं कागद चिकटवला की वाळताना कागद आखडतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. मागेही त्याच जातीचा कागद लावला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो आणि पान सपाट राहतं. पिंगुळीच्या पोथीतही दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. आपण मागची बाजू कोरी ठेवतो, तिचा उपयोग पुढं येईलच.

चिकटवायला मैद्याची खळ करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच लावा, कोमट खळीनं कागद ताणला जातो आणि सुरकुत्या पडतात. रुंद ब्रशनं पुठ्ठ्याला लावा, कागद मधून कडेकडे हातानं दाबत न्या, सगळी पानं वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये रचा आणि वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. पावसाळ्यात दोन रात्री. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे. घरात किंवा होस्टेलच्या खोलीत नकोच. फेव्हिकॉलही चालतो, फक्त तो पातळ करून आणि झटपट लावावा लागतो.

लॅमिनेशन करू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक गट एकदा करतो. उन्हात चकाकी येते आणि अर्ध्या लोकांना चित्राच्या जागी पांढरा झोत दिसतो.

चित्र लांबून दिसायला हवं

जुनी चित्रकथी दिव्याच्या उजेडात, देवळात, बसलेल्या लोकांपुढं रात्री चालायची. आपला प्रेक्षक उभा आहे, भर दुपारी आहे आणि अर्धा पाऊल निघायच्या तयारीत आहे. म्हणून आपल्या चित्राचे नियम वेगळे.

एका चित्रात तीनच गोष्टी ठेवा. डबा, हात, खिडकी. मुख्य चेहरा तुमच्या तळहाताहून लहान नको. सपाट रंग आणि जाड काळी रेघ वापरा, पोस्टर कलर उत्तम. पेन्सिलच्या छटा आणि पाणरंगाचे ओघळ पाच फुटांवरून दिसेनासे होतात. मुख्य वस्तूचा रंग सगळ्या पानांवर एकच ठेवा आणि तो दुसऱ्या कशालाही देऊ नका. आमच्या डब्याचं फडकं पिवळं आहे, म्हणून दहा पानांत दुसरं काहीच पिवळं नाही, सकाळचं ऊनसुद्धा नारिंगी काढलंय. गर्दीच्या स्टँडच्या चित्रातही डबा क्षणात सापडतो.

चित्र झालं की भिंतीला टेकवा आणि पंधरा पावलं मागं जा. पाठ करा, वळा आणि एक सेकंद बघून परत पाठ करा. काय दिसलं ते मोठ्यानं म्हणा. जे म्हणता आलं नाही ते चित्रात नाहीच असं समजा. हात चांगला चालत नसेल तर रंगीत कागद कापून चिकटवा. आमच्या गटातल्या सगळ्यात चांगल्या पोथ्यांपैकी एक पूर्ण कापलेल्या कागदांची आहे. ती करणाऱ्या मुलानं चित्रकलेचा तास शाळेत सोडला तो सोडलाच होता.

मागच्या बाजूला काय लिहायचं

सगळे इथंच गोंधळतात, म्हणून नीट सांगते. गठ्ठा लोकांकडे तोंड करून उभा आहे आणि तुम्ही मागून बघताय. पहिलं चित्र लोकांना दिसतं तेव्हा तुम्हाला दहाव्याची पाठ दिसते. पहिलं चित्र काढून मागं टाकलं की लोकांना दुसरं दिसतं आणि तुमच्यासमोर पहिल्याची पाठ येते. म्हणजे पहिल्या चित्राचे शब्द दहाव्याच्या पाठीवर, दुसऱ्याचे पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या, असं दहाव्यापर्यंत. कामिशिबाईवाल्यांनी बसवलेली ही रीत आहे.

पूर्ण संवाद लिहू नका, नाहीतर डोळे तिथंच अडकतील. तीन-चार शब्द पुरे: ‘परीक्षा लांबली – रिकामा फलाट – पालुपद’. वरच्या कोपऱ्यात मोठा आकडा. आणि जी पानं वेळ कमी पडल्यास गाळता येतात त्यांच्या कोपऱ्यावर लाल टिकली लावा. ‘डबा’त सहावं आणि सातवं गाळता येतं. बेल वाजली, लोक चुळबूळ करू लागले की ती दोन पानं न दाखवता मागं सरकवायची आणि आठव्यावर यायचं. शेवट मात्र कधीही गाळायचा नाही. मधे अडवून ‘बाकीची गोष्ट उद्या’ म्हटलं तर उद्या कुणी येत नाही.

परवानगी

विद्यार्थी विकास अधिकारी किंवा सांस्कृतिक विभागाचे सर-मॅडम, जे असतील त्यांना अर्ज द्या. चार वाक्यांचा: ‘आम्ही अमुक वर्गाचे तीन विद्यार्थी. अमुक तारखेपासून पाच दिवस, सकाळच्या मोठ्या सुट्टीत दहा मिनिटं, ग्रंथालयासमोरच्या झाडाखाली हातानं काढलेली चित्रं दाखवून गोष्ट सांगू इच्छितो. माइक वापरणार नाही, रस्ता अडवणार नाही, परीक्षेच्या काळात खेळ करणार नाही. गोष्टीचा सारांश सोबत जोडला आहे.’ ‘माइक नाही’ आणि ‘रस्ता अडणार नाही’ या दोन शब्दांनी अर्धी काळजी मिटते. सही झालेल्या अर्जाची झेरॉक्स खिशात ठेवा आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांना आदल्या दिवशी भेटून सांगा. ते आपल्या बाजूनं असले की खूप सोपं जातं, आणि पुष्कळदा पहिले प्रेक्षकही तेच असतात.

जागा

कॅन्टीनच्या दारात उभं राहू नका. तिथं भांड्यांचा आवाज, ऑर्डरचा आवाज आणि भुकेलेली माणसं. कॅन्टीनमधून परतणाऱ्या वाटेवर उभं राहा. चहा झालेला असतो, हातात दोन मिनिटं असतात. पाठीशी भिंत हवी, म्हणजे आवाज पुढं जातो आणि मागून कुणी फिरकत नाही. सूर्य तुमच्या मागे नको, नाहीतर बघणाऱ्यांचे डोळे दिपतात. तो कडेला असावा. जागा ठरवायच्या आधी खेळ ज्या वेळी करणार त्याच वेळी दोन दिवस तिथं नुसतं उभं राहून बघा. सकाळी सावली असलेला कट्टा बाराला रखरखीत असतो.

वर्गातला बाक आणून त्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याची चौकट ठेवा. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर यावी, म्हणजे दुसऱ्या रांगेतल्यालाही दिसतं. चौकट बाकाला सुतळीनं बांधा आणि खाली पिशवीत वीट टांगा. मोठ्या बाइंडर क्लिपा दोन नाही, चार ठेवा.

वाऱ्याचं मी स्वतः भोगलंय. पहिल्याच वर्षी, पाचव्या पानाला, झुळूक आली आणि रिकाम्या फलाटाचं चित्र उडून लोकांच्या डोक्यावरून पलीकडे गेलं. एका मुलीनं ते धावत जाऊन उचललं. ती परत येईपर्यंत थांबले असते तर सगळे पांगले असते. मी तिथूनच विचारलं, ‘सांग, फलाटावर कोण आहे?’ तिनं चित्र बघितलं आणि म्हणाली, ‘कुणीच नाही.’ ती तशीच चित्र छातीशी धरून उभी राहिली, लोक तिच्याकडे वळले आणि गोष्ट तिच्या हातातून पुढं गेली. तेव्हापासून प्रत्येक खेळात पाचवं पान आम्ही मुद्दाम समोरच्या कुणाच्या तरी हातात देतो. तुम्हीही एक पान तसं ठेवा. ज्याच्या हातात गोष्टीचं पान आहे तो जात नाही, आणि त्याचे मित्रही जात नाहीत.

तिघांची वाटणी

एक सांगतो, एक पानं सरकवतो, एक ताल धरतो. तालाला चिपळ्या किंवा लहान टाळ. डफ मोकळ्या मैदानात छान, पण इमारतींच्या मधे तो घुमतो आणि शेजारच्या वर्गातून लगेच तक्रार येते. ताल सतत नको. सुरुवातीला, पालुपदाला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पानाआधी बंद पडायला. वाजणारी गोष्ट थांबली की मान वर होते.

उजव्या हातानं दाखवत असाल तर चित्र तुमच्या उजवीकडे असावं, म्हणजे हात चित्रावरून आडवा जात नाही. बांबूची बारीक काडी वापरा. काडी टेकवा, एक क्षण जाऊ द्या, मग बोला. आधी बोलून मग दाखवलं तर लोक शोधत राहतात आणि तुमचं पुढचं वाक्य वाया जातं. आणि चित्राकडे बघून बोलू नका. चित्र लोक बघतायत, तुम्ही लोकांकडे बघा.

आवाज चढवून ओरडू नका, दुसऱ्या दिवशी घसा बसेल. थोडा खालच्या पट्टीत, शब्द पूर्ण उच्चारून, वाक्याचं शेपूट न गिळता बोला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि नवखे लोक नेमकं तेच गिळतात. ‘सुमी स्टँडवर पोचली…’ की ‘पोचली नाही’? समोरच्याला कळतच नाही. आपल्या बोलीत सांगा. आमच्यातला एक मुलगा ‘डबा’ अहिराणीत सांगतो आणि तो खेळ माझ्यापेक्षा जास्त रंगतो.

तालीम तीन प्रकारची. पहिली चित्रांशिवाय, बसून, मित्राला. दुसरी शब्दांशिवाय, नुसती पानं सरकवत, घड्याळ लावून. तिसरी खऱ्या जागी, संध्याकाळी, रिकाम्या वाटेवर. तोंडपाठ करू नका. चित्र बघून वाक्य सुचावं इतकी ओळख झाली की पुरे. पालुपद आणि शेवटची दोन वाक्यं मात्र ठरलेली असू द्या.

पहिला दिवस

वेळेच्या दहा मिनिटं आधी मांडामांड करा. मांडामांड चालू असताना दोन-तीन जण थबकतातच, त्यांना हसून सांगा, ‘सात मिनिटांची गोष्ट आहे, डब्याची.’ किती वेळ लागणार हे आधी सांगितलं की माणूस निर्धास्त होतो. दोन मित्रांना समोर आठ फुटांवर, थोड्या अंतरानं उभं करा. त्यांचं काम टाळ्या वाजवणं नाही. ते जिथं उभे राहतील तिथं बाकीचे कडं धरतात. कुणीच नसेल तर पहिली माणसं भिंतीला किंवा झाडाला चिकटून लांबच उभी राहतात आणि मधली रिकामी जागा कुणी ओलांडत नाही.

सुरुवात नमस्कार-परिचयानं करू नका. चिपळ्या, मग पहिलं चित्र, मग पहिलं वाक्य: ‘पहाटे चार वाजता या गावात एकच दिवा लागतो.’ तुमची नावं आणि वर्ग शेवटी सांगा.

चार जण थांबले तर चार जणांना सांगा, मनापासून. जाणाऱ्यांना हाका मारू नका, त्यानं थांबलेलेही अवघडतात. कुणी मधेच काही बोललं तर ते गोष्टीत घ्या. ‘डबा कंडक्टरनंच खाल्ला असेल!’ असं कुणीतरी दरवेळी ओरडतं. ‘कंडक्टरचाही उपास होता आज,’ म्हणायचं आणि पुढं जायचं. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना शेवटचं पान शूट करू नका एवढी विनंती करा, बहुतेक ऐकतात. प्रेक्षकांचे चेहरे दिसणारा व्हिडिओ त्यांना विचारल्याशिवाय तुम्हीही टाकू नका.

पैसे गोळा करू नका. त्याऐवजी खेळ संपल्यावर पोथी बाकावर पसरून ठेवा आणि लोकांना हाताळू द्या. खळीचा खरखरीतपणा, रंगाचा थर, मागच्या बाजूचे शब्द, हे जवळून बघायला लोकांना फार आवडतं. पुढच्या वर्षीचे सोबती आम्हाला नेहमी त्या बाकाशीच मिळालेत.

निघण्यापूर्वी एका अनोळखी प्रेक्षकाला विचारा, ‘गोष्ट थोडक्यात सांगाल का?’ तो सांगेल तेव्हा मधे बोलू नका. जे त्यानं सोडलं ते तुमच्या चित्रात किंवा बोलण्यात अंधुक आहे. आमच्या पहिल्या आठवड्यात कुणालाच म्हातारा आठवत नव्हता, कारण तो आम्ही मागच्या बाकावर लहानसा काढला होता. रात्रीत ते पान परत काढलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच झाडाखाली उभे राहा. चिपळ्यांचा आवाज ओळखीचा व्हायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी लोक मित्रांना घेऊन येतात आणि पालुपद तुमच्या आधी म्हणतात.

आठवडा झाला की पोथी नीट पुसून जुन्या सुती कापडात बांधा आणि आडवी ठेवा, उभी ठेवली की पानं पोटात वाकतात. कापडात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. बांधण्याआधी दहाव्या पानाच्या पाठीवर, खालच्या कडेला, तारीख, जागा आणि त्या दिवशी किती पानं दाखवली ते बारीक अक्षरात लिहा. आमच्या ‘डब्या’च्या दहाव्या पानावर आता जागा उरलेली नाही, म्हणून नवव्याच्या पाठीवर सुरुवात केली आहे.